काचेवरची पांथरी

ही गोष्ट रचलेली नाही. मी स्वतः त्या खोलीत होतो.

मी लॅबमध्ये वीस वर्षं काचा बनवतोय. ऑपरेशनमध्ये काढलेल्या अवयवाचे पातळ काप काचेवर चिकटवून रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचे, हे माझं काम.

तो मंगळवार होता. दुपारचा सव्वा वाजला होता.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची काढलेली, सुजलेली पांथरी, म्हणजे प्लीहा, आली होती. रिपोर्ट देणाऱ्या आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी एकच काच पाहिली, तीही जेवणाचा डबा उघडता उघडता.

"साधी सूज आहे. लिहून टाक."

"साहेब, अजून दोन रंग लावून बघू का? पेशी वेगळ्या वाटतायत..."

"डॉक्टर तू की मी?"

मी 'साधी सूज' लिहून टाकलं. भित्रा कुठला!

चार महिन्यांनी बाई आल्या. नुसता सापळा उरला होता. दुसरीकडे निदान झालं होतं... पांथरीचा लिम्फोमा. क्वचित कुणाला होणारा कॅन्सर. आता उशीर झाला होता.

बाईंनी विचारलं, "माझी काच तुम्ही दोघांनी बघितली होती ना?"

मी मान डोलावली.

"मग आता बसा बघत."

आठवड्यात त्या गेल्या.

आणि मग...

कच्... कच्...

बंद खोलीत कात्री चालल्याचा आवाज. पाठोपाठ डॉक्टर ओरडले, "अरे, ही कातडीची काच ना? मग पांथरी कशी दिसतेय?"

मी पाहिलं. कातडीच होती.

दुसऱ्या दिवशी आतड्याची काच...

कच्... कच्...

पुन्हा पांथरी. तोच लिम्फोमा.

शेवटी प्रत्येक रिपोर्ट ते मला विचारून लिहू लागले. एवढा ताठ माणूस, पार गोगलगाय झाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

वर्षभराने डॉक्टरांचीच पांथरी सुजली. ऑपरेशन झालं.

"माझी काच मीच बघणार."

डोळा लावला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. "तोच आहे रे... तुला काय दिसतंय?"

मी तीनदा पाहिलं. सगळं स्वच्छ. कात्रीही वाजली नाही. मला वाटलं, बाई शांत झाल्या.

"काही नाही साहेब. भास आहे."

ते लहान पोरासारखे रडले. 'साधी सूज' लिहून, उपचार न घेता घरी गेले.

सहा महिन्यांत वारले.

नंतर मी ती काच पुन्हा काढली. लिम्फोमा... काठोकाठ. आंधळ्यालाही दिसला असता.

मग त्या दिवशी मला का दिसला नाही?

आता नवीन डॉक्टर आल्या आहेत. अडलं की त्याही मलाच विचारतात. मी रोज काचा बघतो. सगळ्या स्वच्छ दिसतात...

गेल्या महिनाभरात मला एकाही काचेत आजार दिसलेला नाही.