लाल रेषेच्या आत

नारायण पेठेत तात्यारावांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे आणि दुकानामागे कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, एक खिडकी, भिंतीला टेकवलेल्या सागवानी पट्ट्या आणि मधोमध मायटर सॉ. गोल पातं वरून खाली येतं आणि पट्टी हव्या त्या कोनात कापतं. फ्रेमचा कोपरा जुळायचा तर पट्टी बरोबर पंचेचाळीस अंशांत कापली जावी लागते, म्हणून दिवसभर ते यंत्र चालू असतं.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, सुरक्षा विभागात एकतीस वर्षं काढली. तात्याराव आमचे शेजारी. उडालेला एक तुकडा त्यांच्या चष्म्यावर बसला, तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. "विजयमालाबाई, रोज दोन तास येत जा आणि आमची बोटं सांभाळा," म्हणाले. मी गेले.

पहिल्याच दिवशी मी नियम लावले. सैल बाही नाही. हातमोजे नाहीत, कारण पातं मोज्यासकट हात ओढून घेतं. डोळ्यांवर गॉगल, कानांवर मफ. पातं पुऱ्या वेगात आल्यावरच खाली आणायचं आणि कापून झालं की बटण सोडून ते थांबेपर्यंत खालीच धरायचं. पात्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांवर मी लाल रेषा मारल्या. त्यांच्या आत हात जाणार नाही, तिथे पट्टी क्लॅम्पने आवळायची. शिवाय खडकीच्या सवयीने रजिस्टरात तात्याराव आणि त्यांचा कारागीर शंभू, दोघांच्या पंजांभोवती पेन्सिल फिरवून खाली सह्या घेतल्या.

"हात आला तसाच घरी गेला पाहिजे," मी म्हटलं.

"उद्या पायांचंही घ्या," तात्याराव म्हणाले.

बावीस वर्षं शंभू याच खोलीत डाव्या हाताने पट्टी दाबून कापत आला होता. क्लॅम्पकडे तो लग्नात नको असलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा बघायचा. माझा संशय तिथूनच सुरू झाला.

दुसऱ्या आठवड्यात मी चहा घेऊन परत आले तेव्हा यंत्राच्या टेबलावर ताजा भुसा पसरला होता आणि भुशात पंजाएवढी जागा स्वच्छ होती. पाच बोटं. लाल रेषेच्या दीड इंच आत.

"शंभू, हात आत घातला होतास?"

"नाय बाई. क्लॅम्प लावलाय की."

क्लॅम्प लावलेला होता, पण तो मागाहूनही लावता येतो. खडकीला अशी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. साहेब दिसला की गॉगल चढवायचा, वळला की कपाळावर. मी टेबल पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पट्ट्या आखूड होत्या आणि पंजा पात्यापासून जेमतेम तीन इंचांवर. मला राग आला आणि भीतीही वाटली. एकतीस वर्षांत मी फडक्यात गुंडाळलेली बोटं दोनदा हातात घेतली आहेत. तिसऱ्यांदा घ्यायची माझी तयारी नव्हती.

"उद्यापासून येऊ नकोस," मी शंभूला सांगितलं. "बोटं तरी शाबूत राहतील."

तात्यारावांनी मान डोलावली. शंभूने ॲप्रन खुंटीला अडकवला.

"मी घरी बसंन बाई," तो म्हणाला. "पर हाताला सवय हाय हितली."

मला वाटलं, टोमणा मारतोय.

पुढचे दिवस यंत्र मीच चालवलं. क्लॅम्प आवळला, उजव्या हाताने पातं खाली आणलं आणि डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवला. बटण सोडलं, पातं थांबलं, मी ते वर उचललं.

भुशात पंजा होता.

मी आधी तात्यारावांवर संशय घेतला, म्हातारा माणूस मजा करत असेल. मग शंभूवर, त्याच्याकडे किल्ली असेल. कुलूप बदललं. खोलीत मी एकटी असताना टेबल ओल्या फडक्याने पुसलं, दाराला आतून कडी घातली आणि नजर न हलवता एक पट्टी कापली. भुसा उडाला आणि बसला. एवढी एक जागा सोडून सगळीकडे बसला.

रजिस्टरातलं पान मी फाडलं, पेन्सिलीच्या रेषेवर कापून त्या जागेवर ठेवलं. मधलं बोट किंचित वाकडं, अंगठा आखूड. शंभूचा डावा हात. कागद कुठे केसभरही कमी-जास्त नव्हता.

नवव्या दिवशी मी एक पट्टी कापली आणि ती उचलायला गेले, तेव्हा लक्षात आलं की क्लॅम्प आवळायचा राहिला होता. अशी सुटी पट्टी पात्याबरोबर उडायला हवी होती. ती जागची हललीसुद्धा नव्हती. मी तिला हात लावला. पात्याजवळ लाकूड तापतं, ते मला माहीत आहे. ही ऊब पात्यापासून लांब होती, चार बोटांच्या रुंदीची.

दहाव्या दिवशी दुपारी मी यंत्राच्या वायरची पिन भिंतीतल्या सॉकेटातून काढली. "शाळेची ऑर्डर आहे, बारक्या फ्रेमा," तात्याराव कुरकुरले, "चार-चार इंचांच्या पट्ट्या. क्लॅम्प लावत बसलो तर दिवाळी येईल."

"मी येईपर्यंत हात लावू नका," असं सांगून मी रिक्षा केली.

शंभू बोपोडीला राहतो. दार त्याच्या बायकोने, कांताबाईने उघडलं. तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. डावा हात मांडीवर उताणा ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"धा दिस झालं, लाकडाला हात न्हाई त्यांचा," कांताबाई म्हणाली. "आन् रोज सांजच्याला नखांतनं भुसा काढती मी. तुमीच बघा."

मी पाहिलं. सागवानाचा वास ताजा होता.

"काल क्लॅम्प इसरला तुमी," शंभू म्हणाला. आवाजात राग नव्हता. "दाबून धरली मी. लई जड गेलं."

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तू परत ये. नाहीतर ते यंत्र मी बंद करून टाकते. आजच."

"बंद करा बाई. आजच करा." तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "मला काढून घेता येत न्हाई हात. पातं थांबल्याबिगर सुटत न्हाई."

मी मान हलवली. पिन काढून आलेय, काळजी करू नकोस, एवढं सांगायला मी तोंड उघडलं.

त्याचा हात उलटा झाला आणि खाटेच्या फळीवर सपाट बसला. बोटं फाकली. मनगटाची शीर वर आली.

"कोण कापतंय?" शंभूने विचारलं.

कांताबाई माझ्याकडे बघू लागली.

हात फळीवरून उजवीकडे, पातं असायचं त्या बाजूला सरकला. थोडा थांबला. आणखी सरकला.

"बाई, लई आखूड पट्टी हाय ही."

मी तात्यारावांना फोन लावला. घंटा जात राहिली. कानांवर मफ असेल, आणि यंत्र चालू असताना फोन उचलायचा नाही, हे मीच त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.