स्वतः हजर

एकतीस डिसेंबर २०९४. सातमाळ्याच्या डोंगरावरील, परग्रहांवरची हाक ऐकणाऱ्या परहाक केंद्रात सकाळपासून तीन वर्तमानपत्रांचे फोन येऊन गेले होते. दर वर्षअखेरीस त्यांना पृथ्वीचा आकडा हवा असे. केंद्रात एक तगणक होता. हवा, पाणी, शस्त्रे आणि माणसांनी पुढच्या वर्षांसाठी अंगावर घेतलेली कामे यांवरून पृथ्वी आणखी एक तप तग धरील का, हे तो सांगे. यंदा तो एकसष्ट टक्के म्हणत होता. गेल्या वर्षी त्रेसष्ट. राशिभविष्याच्या वर छापायला तेवढे पुरत असे.

केंद्रप्रमुख डॉ. हेमलता बिडवई यांची अडचण निराळी होती. बारा प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाकडून आलेला संदेश आठवड्यापूर्वी उलगडला होता : ‘आम्ही आहोत. तुम्ही?’ त्यापुढे चौसष्ट ठोके. सत्तावन्न लांब, सात आखूड. ठोक्यांचा अर्थ कोणालाच लागत नव्हता. संचालकांचा हुकूम मात्र स्पष्ट होता : पाचपर्यंत खरे उत्तर पाठवा, नाहीतर केंद्र बंद.

“‘आहोत’ म्हणून टाका की, बाई,” नोंदणी कारकून विश्वंभर ढेपे म्हणाले. निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षे झाली होती. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून ते येत. आजचा त्यांचा शेवटचा दिवस होता.

“उत्तर पोचायला बारा वर्षं लागतात, ढेपे. ते वाचतील तेव्हा आपण असू का? एकसष्ट टक्के खरं म्हणजे एकोणचाळीस टक्के खोटं. त्याखाली मी सही करणार नाही.”

बाईंनी संचालकांना फोन लावला.

“उत्तर गेलं आणि मधेच जग बुडालं, तर चुकीची माहिती दिल्याबद्दल चौकशी लागेल,” संचालक म्हणाले.

“कोणाची, सर?”

“ते तेव्हा बघू.”

ढेप्यांनी चहा आणला. “माझ्या हयातीच्या दाखल्यासारखंच आहे हे. नोव्हेंबरात पेन्शन कचेरीत स्वतः हजर राहून सही करायची. डिसेंबरात गेलो, तरी त्यांच्या कागदावर मी वर्षभर ठणठणीत.”

“म्हणजे दाखला खोटाच की.”

“खोटा कसा? सही करताना मी असतोच. ज्या वर्षी यायचा नाही, त्या वर्षी ते काय ते समजतील.”

बाईंनी कप खाली ठेवला. ‘आज आहोत. पुढच्या वर्षी पुन्हा कळवू.’ यात खोटे काहीच नव्हते.

“पण मग तेही दरवर्षी कळवत असतील,” त्या म्हणाल्या. “आपल्याला तर एकच संदेश मिळाला.”

ढेपे चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

“चौसष्ट ठोक्यांची एक खरखर येते, बाई. दर चारशे बारा दिवसांनी. मी नोंदतो.”

“कुठे?”

“‘इतर’ या रकान्यात.”

“आणि या वेळची?”

“या वेळी मी रजेवर होतो.”

रजिस्टरात पंचेचाळीस वर्षांतल्या चाळीस नोंदी निघाल्या. बाईंचे बोट खाली सरकत गेले. पहिल्या नोंदीत लांब ठोके सहा. मग पाच, आठ, अकरा. चाळिसाव्या नोंदीत छप्पन्न.

“हा त्यांचा तगणक आहे,” त्या म्हणाल्या. “आपण शंभरात मोजतो, ते चौसष्टात. सहा म्हणजे जेमतेम नऊ टक्के. तरी त्यांनी ‘आम्ही आहोत’ म्हणून कळवलं. पण आकडा चढत कसा गेला?”

“सप्टेंबर लागला की मी वडे सोडतो,” ढेपे म्हणाले. “दाखल्यापर्यंत तगायचं असतं ना. तिकडेही कोणीतरी वडे सोडले असतील.”

बाईंनी तगणकात नवे काम भरले : दर एकतीस डिसेंबरला उत्तर पाठवणे. यंत्र थोडे घुटमळले आणि बासष्टवर थांबले. कित्येक वर्षांत तो आकडा पहिल्यांदाच चढला होता.

पाचला दहा मिनिटे असताना उत्तर रवाना झाले. सोबत चाळीस लांब ठोके, चोवीस आखूड.

“पुढच्या वर्षीचंही कबूल केलंत?” संचालक फोनवर कण्हले. “म्हणजे केंद्र बंद करता येणार नाही?”

“येईल की, सर. फक्त त्यांच्या कागदावर पृथ्वी बुडेल. चौकशीचं तेव्हा बघू.”

ढेप्यांनी पिशवी भरली, चपला घातल्या, दारापर्यंत गेले. मग परत येऊन भिंतीवरच्या नव्या कॅलेंडराची पाने थेट शेवटपर्यंत उलटली, एकतीस डिसेंबरला गोल केला आणि शेजारी लिहिले : ‘ढेपे. स्वतः हजर.’