उजव्या कानावरची जाई

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. त्या दिवशी पांढरा कोट उतरवायला विसरले आणि तशीच ट्यूनिसच्या जुन्या बाजारात, टोपीवाल्यांच्या गल्लीत शिरले. बहिणीचं लग्न जवळ आलं होतं आणि बाबांची शेशिया, म्हणजे लाल लोकरी टोपी, पुन्हा रंगवून घ्यायची होती. कोपऱ्यावर एक जण ओल्या टोप्यांची चळत घेऊन वळला... आणि माझी बाही कोपरापर्यंत लाल झाली.

"जाईल का हा डाग?"

"गेला तर माझ्या आजोबांची अब्रू जाईल," तो म्हणाला. "साठ वर्षांत आमचा रंग कुणाचा गेलेला नाही."

तो महरेज. हात मनगटापर्यंत लाल, आणि उजव्या कानावर जाईचा छोटासा गुच्छ. आमच्याकडे फूल डाव्या कानावर असलं तर माणूस मोकळा, उजव्या कानावर असलं तर कुणाचा तरी झालेला. मी ते पाहिलं आणि पुन्हा बाहीकडे बघत राहिले.

तरी बाबांची टोपी त्याच्याकडेच रंगवायला दिली, आणि न्यायला गेलेच. रंगाचा आणखी एक हात द्यायला हवा असं तो म्हणाला, म्हणून परत गेले. मग त्याच्या पाण्यात क्षार किती ते मोजायला गेले — हे मात्र मीच सुचवलं होतं. पाणी बदलल्यावर रंग उजळला आणि महरेज मला डॉक्टरीणबाई म्हणू लागला. शेजारच्या दुकानातले बेशीरकाका माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवत, आणि एवढी तपासणी तर सरकारही करत नाही, असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत. महरेज मान खाली घालून हसायचा. मला त्याच्या न पाहिलेल्या बायकोची कीव यायची... आणि स्वतःचा राग.

गुरुवारी आत्याने सांगितलं, रविवारी पाच वाजता सूसहून एक कुटुंब मला मागणी घालायला येतंय. मुलगा चांगला होता. बाबा होकार देणार होते. पण खात्री केल्याशिवाय मी कधी अहवालावर सही करत नाही. शनिवारी दुपारी मी गल्लीत गेले.

महरेज रंगाच्या कढईपाशी बसून लाकडी दांडीने टोप्या फिरवत होता.

"तुमची बायको कुठे असते?" मी विचारलं.

"कुणाची?"

"फूल उजव्या कानावर आहे तुमच्या."

आधी बेशीरकाका हसले. "अगं, कढई त्याच्या डाव्या हाताला. तिकडे फूल ठेवलं तर वाफेनं अर्ध्या तासात काळं पडतं. चार वर्षं सांगतोय या गाढवाला, मुली येतात, कान बघतात आणि जातात."

"मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे," महरेज पुटपुटला.

मी त्याला रविवारचं सांगितलं, वेळेसकट. तो हातांकडे बघत राहिला. हा रंग निघत नाही, म्हणाला. शिकलेल्या मुलीच्या बापासमोर हे हात घेऊन कसं बसायचं —

"बाबांचं मी बघते. तुला काय वाटतं, ते सांग."

पहिल्यांदाच मी त्याला 'तू' म्हटलं होतं.

"तुझ्या बाबांच्या टोपीला..." तो अडखळला. "पहिल्याच खेपेला रंग नीट बसला होता. तू परत यावीस म्हणून खोटं बोललो."

"मग तुझ्या आईला घेऊन उद्या चारला ये. आणि तिला आत्ताच जाऊन सांग."

"आत्ता? चाळीस टोप्या आहेत आत. हलवणं थांबलं की डाग पडतात. अजून पाऊण तास तरी —"

मी बाह्या वर केल्या. "दांडी दे. किती तापू द्यायचं?"

"उकळू द्यायचं नाही. काठाला बुडबुडे आले की आच कमी करायची."

"कळलं. जा तू."

त्या गल्लीत कढईपाशी बाई बसलेली कुणी पाहिली नव्हती. समोरचे दोघे दारात येऊन उभे राहिले. बेशीरकाकांनी त्यांना कामाला लागायला सांगितलं. मी एका लयीत हलवत राहिले, नजर काठावर. दोनदा आच कमी केली.

महरेज धापा टाकत परतला. मागोमाग घरातल्याच चपलांवर आलेली त्याची आई. तिने आधी कढईत वाकून पाहिलं. एक टोपी दांडीवर उचलून उलटसुलट केली. मग माझ्याकडे बघितलं.

"चार कशाला," ती म्हणाली. "आम्ही तीनलाच येतो."