कुलूप शाबूत, सायकल गायब

नारळाला भुंगा लागतो तो शेंड्याकडून.

समुद्राच्या तळाशी बांधलेल्या घराला खिडक्या असतात, पण त्या उघडत नाहीत.

मांजर बंद दारासमोर बसून राहतं. मुंगी बसत नाही.

आफरीन मृण्मयीशी बोलत नाही.

दार

खरं तर शेवटचं आधी सांगायला हवं होतं.

रेवदंड्याकडच्या त्या गावात मोटारी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. शाळेत जायचं तर सायकल हवी. मृण्मयीच्या वाडीत, नारळांच्या मागे, पत्र्याची एक शेड होती. आसपासची सगळी मुलं तिथेच सायकली ठेवत, कारण दाराला भलंमोठं पितळी कुलूप होतं आणि त्याची किल्ली मृण्मयीच्या गळ्यात असे. आंघोळीलासुद्धा ती काढत नसे.

सोमवारी सकाळी तिनेच कुलूप उघडलं. आत सगळ्या सायकली होत्या. आफरीनची हिरवी तेवढी नव्हती.

"तू कुलूप लावायला विसरलीस," आफरीन म्हणाली.

"नाही विसरले. आत्ता सगळ्यांसमोर उघडलं ना?"

"मग काय, माझी सायकल कुलपाच्या भोकातून गेली?"

मृण्मयीने कुलूप उलटसुलट करून पाहिलं. बाकीच्या मुलांनी केलं ते तिला जास्त लागलं. रविवारी आपापल्या सायकली घरी न्यायच्या, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मागची भिंत

शनिवारी आत्या सुट्टीवर आली. आत्या शास्त्रज्ञ होती. समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत गळती शोधणं हे तिचं काम. सगळी हकिकत तिने चहा पिता पिता ऐकली.

"चोर दारातून आला, असं कोण म्हणालं?" तिने विचारलं.

"दुसरीकडून कसा येईल? कुलूप तर दाराला आहे."

"हेच. कुलूप दाराला आहे म्हणून तुम्ही सगळे दाराकडे बघताय. आमच्याकडे खाली असं चालत नाही. पाण्याला दार माहीत नसतं. ते चारी बाजूंनी सारखं रेटत असतं आणि जिथे कच्चं सापडेल तिथून आत येतं. त्या जागेला आम्ही दुर्बल बिंदू म्हणतो (म्हणजे जी जागा सगळ्यांत आधी हार मानते ती)."

मग तिने झारीला हाक मारली.

झारी म्हणजे वाडीला पाणी घालणारा यंत्रमानव. गुडघ्याएवढी उंच, चार चाकं, दोन हात. ठिबकच्या नळ्या दुरुस्त करायला एका हाताला पेचकस.

"झारी, शेडमधली एक सायकल बाहेर आण," आत्या म्हणाली. बस, एवढंच.

झारी शेडभोवती फिरली. पत्रे चाचपत, मधेच थांबत. दारापाशी थांबली आणि पुढे गेली. मागच्या बाजूला तिने एका पत्र्याचे स्क्रू काढले, पत्रा बाजूला सरकवला आणि सायकल ओढत आणून आत्यासमोर उभी केली. आत्याचा चहा अजून गरम होता.

मृण्मयीने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "दारातून का नाही गेलीस गं?"

"दार अवघड होतं," झारी म्हणाली. "हे सोपं होतं. बाकीच्या पत्र्यांचे स्क्रू गंजून घट्ट बसले आहेत. याचे सैल होते."

"सैल?" आत्याने कप खाली ठेवला. "हात लावायच्या आधी कसे दिसत होते?"

झारीला एक सवय होती. कुठल्याही पानाला हात लावण्याआधी ती त्याचं चित्र टिपून घेई. स्क्रूंचंही घेतलं होतं. तिच्या पाठीवरच्या पडद्यावर ते उमटलं. सगळ्या स्क्रूंची डोकी तांबूस, पण या पत्र्याच्या स्क्रूंच्या खाचांत चकचकीत ओरखडे.

"गंज म्हणजे काय?" आत्याने विचारलं.

"लोखंडाला ओल आणि हवा लागून बसणारा थर," मृण्मयी म्हणाली.

"हवेतला प्राणवायू. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तो आणखी लवकर बसतो. आणि इथे आतलं लोखंड अजून चकाकतंय. म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी नुकताच पेचकस फिरवलाय."

मृण्मयी आफरीनला बोलवायला धावली. आफरीन आली ती हाताची घडी घालूनच. तिने चित्र पाहिलं, पत्रा पाहिला, मग पुन्हा चित्र पाहिलं.

"म्हणजे तू विसरली नव्हतीस."

"मी सांगितलं होतं."

"हो, पण चित्र दाखवून नव्हतं सांगितलंस," आफरीन म्हणाली आणि हाताची घडी सोडली.

जमीन

दोघींनी दिवसभर काम केलं. स्क्रू काढून त्या जागी बोल्ट बसवले, गुळगुळीत गोल डोकं बाहेर आणि नट आतून. बाहेरून पकडायला काही उरलंच नाही.

"झारी, आता?"

झारीने पत्र्याखालची वाळू उकरली आणि सायकलीचं चाक धरलं.

मग कडेने जांभ्याचे चिरे पुरले. सायकली एकमेकींना साखळीने बांधल्या आणि साखळी जमिनीतल्या कडीला कुलपाने अडकवली. त्या कुलपाची किल्लीही मृण्मयीच्याच गळ्यात गेली. या खेपेला झारी बराच वेळ खटपट करत राहिली. तिच्या ठोकाठोकीने शेजारचे काका कुंपणापर्यंत आले आणि म्हणाले, "काय चाललंय काय?"

"झालं काम," आत्या म्हणाली. "कधीच न उघडणारी शेड बांधता येत नाही. पण विलंबकाळ वाढवता येतो (म्हणजे आत शिरायला लागणारा वेळ). तो माणसं जमायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त झाला की चोर नाद सोडतो."

माणूस

संध्याकाळी झारी मृण्मयीजवळ आली. "शेडमध्ये कुंडी राहिली आहे. पाणी घालायचं आहे. किल्ली दे."

मृण्मयीने गळ्यातून दोन्ही किल्ल्या काढून दिल्या.

झारीने कुलूप उघडलं, साखळीचंही उघडलं आणि सायकल बाहेर आणली. आत कुंडी नव्हतीच.

आफरीन हसता हसता चिऱ्यावर बसली. "आंघोळीलासुद्धा काढत नाही म्हणे."

"आत्याने शिकवलं तिला," मृण्मयी कानापर्यंत लाल झाली.

"शिकवलंच," आत्या म्हणाली. "भिंत, जमीन, दार सगळं पक्कं केलंत. मग राहिलं कोण? माणूस. शेड तिच्या सगळ्यांत कच्च्या जागेइतकीच पक्की असते, आणि ती जागा एक बुजवली की दुसरीकडे सरकते. म्हणून बघत राहायचं."

त्यांनी ठरवलं की साखळीची किल्ली आफरीनकडे राहील. एकीने चूक केली तर दुसरी आहे.

रविवारी मुलं सायकली न्यायला आली. त्यांनी शेडभोवती दोन चकरा मारल्या, बोल्ट ओढून पाहिले, चिऱ्यांना लाथा मारल्या आणि सायकली तिथेच ठेवून गेली. हिरवी सायकल सापडली नाही. शाळेतून दुसरी मिळेपर्यंत आफरीन मृण्मयीच्या मागे कॅरियरवर बसून जायची. वाटेत दोघींचा नवा खेळ चाले. शाळेची पाण्याची टाकी, जेट्टीवरची बोट, समुद्रातली आत्याची खोली, काहीही दिसलं किंवा आठवलं की विचारायचं, यात पाणी कुठून शिरेल किंवा यातून कुठून गळेल? उत्तर सापडलं की लगेच पुढचं, ते कसं थांबवायचं?

आणि झारी? तिला वाडीत आणलं त्या पहिल्या दिवशी तिने झाड समजून सायकलीला पाणी घातलं होतं; आता शेडची कच्ची जागा तीच आधी शोधते.