हवालदारची रजा

संघमित्राच्या कुत्र्याला एक वाईट खोड होती. उभी रिक्षा दिसली, की तो आत चढून बसायचा. नुसता बसायचा नाही, तर मागच्या सीटच्या मधोमध, पुढचे पाय जुळवून, आता निघा म्हटल्यासारखा. अंगाचा रंग खाकी आणि चेहरा सदा त्रासलेला, म्हणून त्याचं नाव हवालदार. त्याला खाली उतरवण्यात संघमित्राच्या आयुष्यातल्या कित्येक संध्याकाळी वाया गेल्या होत्या.

दिवाळी संपून चार दिवस झाले होते. चारकोपच्या नाक्यावर हवालदार असाच एका रिक्षात चढला, आणि आत आधीच एक माणूस बसलेला निघाला. मांडीवर हत्यारांची पिशवी, हातात अर्धा वडापाव.

“ए, उतर खाली!” संघमित्रा ओरडली.

“मी की तो?” माणसाने विचारलं.

“दोघंही!”

“मी कशाला? रिक्षा माझ्या बाबांची आहे.”

संघमित्राचा चेहरा उतरला. तेवढ्यात हवालदारने अर्धा वडापाव अलगद उचलला आणि दोन घासांत संपवला. माणूस रिकाम्या हाताकडे बघत राहिला.

“प्रीतम घाडी,” तो म्हणाला. “लिफ्ट दुरुस्त करतो. तुम्ही काय करता? म्हणजे, ह्याला मोकळा सोडून...”

“मालाडला लॅबमध्ये असते. लोकांचं रक्त काढते.”

“हां... ते दिसतंच आहे.”

तिला हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं याचा रागही आला. हवालदार काही उतरला नाही. शेवटी प्रीतमच पुढच्या सीटवर गेला आणि दोघांना सेक्टरभर एक चक्कर मारून आणली. दुसऱ्या दिवशी हवालदार ठरल्यासारखा नाक्यावर जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी प्रीतमने दोन वडापाव आणले. डिसेंबर संपेपर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं, आणि रिक्षाच्या छोट्या आरशात दोन डोळे आपल्याकडे बघतात हे संघमित्राला पाठ झालं होतं. तो तिला आवडायला लागला होता. पण माणूस वैतागवाणा. कुठलंही काम सांगा, उत्तर एकच: “दोन मिनिटांत होतंय.” लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना धीर देऊन देऊन लागलेली सवय ती. त्याच्या दोन मिनिटांत माणूस जेवून, झोपून, उठून येईल.

जानेवारीत आईने बॉम्ब टाकला. संघमित्राचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आई वनमाला, ती आणि हवालदार, एवढेच.

“पंचवीस तारखेला, रविवारी, अकोल्याची माणसं येताहेत तुला बघायला. मुलगा बँकेत आहे, तुझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. आता काही काढू नकोस.”

“रविवारी मी नाहीये,” संघमित्रा बोलून गेली. “शुक्रवारपासून सोमवारपर्यंत गावाकडे चाललेय. सुट्टीवर. हवालदारला घेऊन. बुकिंग झालंय.”

“तीन वर्षांत एक रजा घेतली नाहीस, आणि आता कुत्र्याला हवापालट?” आईने चष्मा वर केला. “दाखव बुकिंग.”

“गुरुवारी दाखवते.”

“नाही दाखवलंस, तर रविवारी हिरवी साडी नेसायची. मुकाट्याने.”

बुकिंग अर्थातच झालं नव्हतं. त्या रात्रीपासून संघमित्राने फोनचा सपाटा लावला. हवालदारला गाडीत उलट्या होतात, एसटीत कुणी घेत नाही, आणि मुक्कामाच्या जागांची तऱ्हा तर विचारूच नका. एक म्हणाले, कुत्रा चालेल, पण गोठ्यात बांधावा लागेल. दुसरे म्हणाले, आमच्याकडे फक्त जातिवंत कुत्री येतात, तुमचा कुठल्या जातीचा? तिसऱ्यांनी हवालदारचा फोटो मागवला आणि मग फोन उचलणंच बंद केलं. अकरा फोन झाले. संघमित्राला रडू येईना, हसू येईना.

“ए, टेन्शन नको घेऊ,” बुधवारी प्रीतम म्हणाला. “मी माणगावला बघतो जागा. आणि जायचं रिक्षानेच. तसाही तो दुसऱ्या कशात बसतो का?”

“रिक्षाने? वेडा आहेस का?”

“बाबांची रिक्षा दर गणपतीला मालवणपर्यंत जाते गो. बाबा, आई, मी आणि मांडीवर गणपतीचं सामान. माणगाव तर अर्ध्या वाटेवर पण नाही. तुम्हाला सोडतो, मी अंगणात रिक्षातच झोपतो. सोमवारी परत. झकास.”

“आणि जागा?”

“दोन मिनिटांत होतंय.”

चोवीस तासांनी झालं. गुरुवारी संध्याकाळी संघमित्रा अंघोळीला गेली होती, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. बाहेर आली तर आई फोन हातात धरून स्टुलावर बसलेली. रागावली की आईच्या तोंडी तिचं माहेर, अकोला, यायचं.

“संघमित्रा, तुयं लग्न कवा झालं वं?”

“काय?”

“आणि पोरगं? पोरगं कवा झालं?”

फोनवर प्रीतमने पाठवलेला एका कागदाचा फोटो होता. वहीचं पान, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात: ‘श्री. व सौ. घाडी, मुंबई. मूल एक. खोली समोरची. शुक्रवार ते सोमवार.’ खाली सही, नंदा म्हणून.

संघमित्रा ओल्या केसांनीच जिना उतरली. प्रीतम रिक्षाला टेकून उभा होता, एखादं मोठं बक्षीस मिळवून आल्यासारखा. ती येते न येते तोच हवालदार तिच्या पायांतून पुढे सटकला आणि सीटवर जाऊन बसला.

“झालं ना बुकिंग? बोललो होतो ना...”

“सौ. घाडी कोण?”

प्रीतमचं हसू जागच्या जागी थांबलं. “अगं, माणगावच्या नंदाताईंनी, खोलीवाल्यांनी, विचारलं, किती जण? मी म्हटलं, आम्ही दोघं आणि एक लहान. बाकी त्यांनीच लिहिलं. कुत्रा म्हटलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या यार. तिथे गेल्यावर सांगू म्हटलं...”

“आणि माझं नाव? बुकिंग माझं होतं. माझं नाव का नाही दिलंस?”

तो रुमालाने आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छ होता.

“प्रीतम.”

“दिलं होतं,” तो हळूच म्हणाला. “आधी दोन ठिकाणी तुझंच दिलं होतं. त्यांनी कुत्र्याचं विचारलंच नाही. आडनाव विचारलं. मी सांगितलं... तर म्हणाले, बघून सांगतो. मग फोन नाही. म्हणून तिसऱ्या ठिकाणी मी... तुला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं ना. म्हणून आपलं...”

संघमित्राने ओले केस मागे सारले. कॉलेजच्या सहलीत असंच एकदा झालं होतं. खोली होती, आडनाव सांगितल्यावर नव्हती. ती गोष्ट तिने आईलासुद्धा सांगितली नव्हती.

“मला माहीत नाही असं वाटतं तुला?” ती म्हणाली. “लहानपणापासून माहितीये. आडनाव विचारल्यावर माणूस किती वेळ गप्प बसतो, त्यावरून मला कळतं. ते मी बघून घेईन. पण तू... तू पण माझं नाव खिशात लपवून ठेवलंस! नाव लपवून मिळणारी खोली मला नको. आणि असा माणूसही नको.”

“संघमित्रा, ऐक ना...”

ती वळून ताडताड निघाली. दहा पावलांवर तिच्या लक्षात आलं, की कुत्रा मागेच राहिलाय. तिला परत यावं लागलं. हवालदार उतरेना. तिने ओढलं, त्याने पाय रोवले. प्रीतमने मदतीला हात पुढे केला, तिने तो झटकला. चांगल्या भांडणाची अशी वाट लागल्यावर माणसाने काय करावं? शेवटी वीस किलोचा कुत्रा कडेवर घेऊन ती घरी गेली आणि दार लावून घेतलं. मग मात्र ती हवालदारच्या मानेत तोंड खुपसून मनसोक्त रडली.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला तिला जाग आली. रजा मंजूर होती आणि जायला जागा नव्हती. बाहेर थंडी होती, खाली कुणीतरी अंगण झाडत होतं. आई हिरव्या साडीला इस्त्री करत होती. दार किलकिलं होतं, आणि हवालदार घरात नव्हता.

ती शाल गुंडाळून गॅलरीत आली. खाली रिक्षा उभी होती. मागच्या सीटच्या मधोमध, पुढचे पाय जुळवून... अर्थात. ती कपाळाला हात लावून खाली गेली.

प्रीतमचे डोळे तांबारलेले होते. “काल लगेच फोन केला नंदाताईंना,” तो घाईघाईने म्हणाला, दार बंद व्हायच्या आत बोलून घ्यावं तसा. “सगळं खरं सांगितलं. आमचं लग्न झालेलं नाही, मूल म्हणजे कुत्रा आहे, बुकिंग माझं नाहीच.”

“मग?”

“आधी धुतला मला. लहान मूल येतंय म्हणून त्यांनी माळ्यावरचा पाळणा काढून घासून ठेवला होता.”

तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिने तो आवरला. “आणि... नाव?”

“पूर्ण सांगितलं. संघमित्रा तायडे, राहणार चारकोप, आजोळ अकोला. मग मी गप्प बसलो. त्यापण गप्प. किती वेळ ते तुला सांगतो... फोन कट झाला का म्हणून मी तीनदा बघितलं. पहिल्यांदा कळलं मला, तू काल काय म्हणत होतीस ते.” तो थांबला. “मग त्या म्हणाल्या, ‘थांब हां, खडू शोधत होते.’”

“खडू?”

त्याने फोन पुढे केला. फाटकाला टांगलेली एक काळी पाटी. त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्याचं नाव आदल्या दिवशीच फाटकावर लागतं, अशी तिथली पद्धत होती. मोठ्या, थोड्या तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘संघमित्रा तायडे व हवालदार, या!’

रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल असं नाव. संघमित्रा बघतच राहिली.

“तुझं कुठेय?” तिने विचारलं.

“मी म्हटलं, माझं लिहू नका. तिला विचारून सांगतो.” तो आता आरशाकडे नाही, थेट तिच्याकडे बघत होता. “मला तू आवडतेस. तायडेंची संघमित्रा आवडते. काल चुकलो मी, लिफ्ट बंद असताना चालू आहे म्हणून बोर्ड लावल्यासारखं वागलो. तू नको म्हणालीस तर तुम्हाला सोडून परत येईन... आणि सोमवारी न्यायला येईन.”

“बघू,” मागून आवाज आला.

आई होती. हातात पिशवी, डोक्याला स्कार्फ, पायात फिरायला जायचे बूट. तिने फोन घेतला, चष्मा वर केला आणि पाटी वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्याने.

“नाव तुझ्या बाबांनी ठेवलं होतं,” ती म्हणाली. “फार हौसेने.” मग तिने नाक ओढलं आणि आवाज चढवला. “काल ऐकलं आणि आत्ताही, गॅलरीतून, सगळं. तू बरोबर बोललीस. अकोल्याला रात्रीच फोन केलाय, रविवारी येऊ नका म्हणून. साडी इस्त्री करून कपाटात ठेवली. पण मी येणार. आणि मधे मी बसणार.”

“आई!”

“मूल चालतं, कुत्रा चालतो, मग आई चालत नाही?”

प्रीतमने पिशवी घेतली. “दोन मिनिटांत निघू, मावशी.”

“आत्ता निघायचं,” मायलेकी एका सुरात म्हणाल्या.

अर्ध्या तासाने, सामान भरून झाल्यावर, संघमित्रा रिक्षात बसली. एका कडेला ती, दुसऱ्या कडेला आई, आणि मधे बसायचं ठरवलेल्या आईला न जुमानता हवालदार. तिने फोन लावला.

“नंदाताई, मी संघमित्रा तायडे बोलतेय. हो, निघालोच... पाटीवर अजून दोन नावं लिहायची आहेत. एक वनमाला तायडे.”

“लिहिलं. दुसरं?”

पुढे प्रीतमने किल्ली फिरवली नव्हती. आरशात त्याचे डोळे होते, तिच्याकडेच लागलेले.

“दुसरं... प्रीतम घाडी,” ती म्हणाली. तिचे कान गरम झाले, पण आवाज हलला नाही. “माझ्या नावाच्या शेजारी लिहा.”

“अगं, शेजारी जागाच नाही. तिथे हवालदार आहे ना.”

“त्याला जरा सरकवा, ताई.”

पाटीवर तो लगेच सरकला असावा. मागच्या सीटवर मात्र तसूभरही हलला नाही.