घरचं की पॅरिशचं?

बाबांचं सामान बांधायला लेक आली होती. पाळक निवृत्त झाला की त्याला चर्चनं दिलेलं घर सोडावंच लागतं, त्यात रडण्यासारखं काही नाही, असं वाटभर स्वतःला बजावत ती आली, आणि आईच्या चष्म्याची डबी हाती लागताच मटकन खाली बसली.

त्या घराला दोन दारं होती. पुढचं पॅरिशचं, मागचं घरचं. चर्चच्या हद्दीत राहणारी सगळी माणसं म्हणजे पॅरिश. त्यांनी केव्हाही पुढचं दार वाजवावं आणि पाळकानं हातातला घास टाकून उठावं. घरच्यांनी मात्र वळसा घालून मागून, स्वयंपाकघरातून यायचं. लहानपणी लेक एकदा पुढून आत घुसली, तर आईनं कान धरून तिला परत बाहेर काढलं होतं. दार वाजलं की बाबा आतून विचारायचे, "घरचं की पॅरिशचं?" घरचं असलं तर ठरलेलं उत्तर यायचं, "मग मागून या." आई हसायची. म्हणायची, एक दिवस मीच पुढचं दार वाजवते, तेव्हा तरी माझं बसून ऐकाल.

ते ऐकणं राहूनच गेलं. गेल्या वर्षी बाबा पुढच्या खोलीत कुणाचं तरी दुःख ऐकत होते, तेव्हा आईनं स्वयंपाकघरातून "अहो..." अशी हाक मारली. बाबा म्हणाले, "थांब जरा, पॅरिशचं माणूस बसलंय." ती थांबली. जन्मभर थांबतच आली होती बिचारी. माणूस गेल्यावर बाबा आत आले, तर ती ओट्याला टेकून जमिनीवर बसलेली. दूध उतू जाऊन करपलं होतं आणि ती गेली होती.

सामान बांधणं चालू होतं, तेव्हा दुपारी चर्च कमिटीचे सेक्रेटरी आले. स्वयंपाकघर रिकामं झालेलं पाहून त्यांनी मागच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन गेले. माणूस सज्जन, पण नियमावर बोट ठेवून चालणारा. पुढची किल्ली सकाळी द्यायची होती.

उजेड मावळू लागला तसे बाबा अस्वस्थ झाले.

"रोज या वेळी पुढचं दार वाजतं," ते हळूच म्हणाले. "विचारलं तर उत्तर नाही. उघडलं तर कुणी नाही."

लेक म्हणाली, वारा असेल.

"वाऱ्याला मी उठलेलं कळतं का गं? मी उठलो की ते थांबतं..."

लेकीला भीती वाटली, पण भीतीहून मोठी आस होती. आईला एकदा, एकदाच पाहायचं होतं. ती पुढून बाहेर पडली, दार ओढून घेतलं आणि पायरीवर उभी राहिली.

रस्ता रिकामा होता. कुठेतरी एक कुत्रं भुंकून गप्प झालं. मग करपल्या दुधाचा वास आला. अगदी जवळून.

दार वाजलं. तिचे दोन्ही हात तर पदरात घट्ट होते.

आतून बाबांचा आवाज आला, "घरचं... की पॅरिशचं?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या कानाशी कुणीतरी थकलेल्या आवाजात म्हणालं,

"घरचं."

आणि बाबांची जीभ, इतक्या वर्षांचं वळण लागलेली जीभ, बोलून गेली, "मग मागून या."

पायरीवरून चपला उतरल्या. डावी जरा घासत, आईची घासायची तशी, घराला वळसा घालून मागे निघाल्या. "आई, थांब," म्हणत लेक त्या आवाजामागे धावली. मागच्या दारी कुणीच नव्हतं. नुसती कडी कुलपावर आपटत होती, आणि आतून बाबा दोन्ही हातांनी दार ओढत होते.

"अगं, पुढून ये... पुढचं उघडं आहे... माझं ऐक..."

पण पुढच्या दारानं घरच्यांनी यायचं नसतं, हे आईला कुणी शिकवायला नको होतं. कडी थांबेपर्यंत दोघं दाराच्या दोन बाजूंना रडत राहिली.

"घर पॅरिशचंच होतं," बाबा नंतर म्हणाले. "घरचं असं इथं काहीच नव्हतं. मी तिला तसं कधी सांगितलंच नाही."

आता ते लेकीकडे राहतात. तिच्या घराला एकच दार आहे, आणि संध्याकाळी ते बाबा लावू देत नाहीत.

परवा नव्या पाळकांचा फोन आला. सारखी कडी वाजते म्हणून कमिटीनं मागचं दार काढून तिथं विटांची भिंत घातली होती. ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग आवाज खाली आणून विचारलं, "पाळकसाहेब, भिंतीला कडी कशी असेल?"