किलकीला भरलेली ओटी

ही घटना खरी आहे. ज्याला पटायची नाही त्याने इथेच थांबावं, माझा काही राग नाही.

माझी मामेबहीण मेधा आयर्लंडमध्ये एनिस नावाच्या गावात राहते. नवरा विक्रांत आयटीत, मुलगी रेवा सहा वर्षांची. जे घडलं ते मेधाने स्वतः मला सांगितलं. आणि मेधा म्हणजे भुताखेतांचं नाव काढलं की फिदीफिदी हसणारी बाई आहे.

होती, असं म्हणायला हवं आता.

रात्र-बित्र काही नव्हती. मे महिन्यातला शनिवार होता, आणि तिकडे क्वचितच पडतं तसं लख्ख ऊन पडलं होतं.

एनिसमध्ये मेधाची जिवाभावाची मैत्रीण एकच. पूर्णिमा, नागपूरची. रेवाच्या जन्माच्या वेळी मेधाकडे कुणीच येऊ शकलं नव्हतं, तेव्हा डिंकाचे लाडू पूर्णिमाने केले, बाळाला न्हाऊ-माखू पूर्णिमाने घातलं. सख्खी बहीण करणार नाही इतकं केलं.

पूर्णिमाची मुलगी स्वराली सात वर्षांची. गेलं वर्षभर ही पोर नुसती वाळत चालली होती. खायची नाही, हसायची नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, निघालं काहीच नाही.

आता ती मंडळी कायमची डब्लिनला चालली होती. पूर्णिमाचा नवरा गिरीश सामान घेऊन पुढे गेला होता.

"जायच्या आधी एकदा समुद्राच्या कडेकडेने मस्त ड्राइव्ह करू," पूर्णिमा म्हणाली. "तू, मी आणि पोरी. तुझी गाडी काढ. गिरीश आम्हाला किलकी गावाहून घेऊन जाईल."

मेधाने हौसेने थालीपीठं केली, चहाचा थर्मास भरला.

सकाळी रेवा आणि स्वराली मागे दोन्ही खिडक्यांपाशी बसल्या. पूर्णिमाने मागचं दार उघडं धरलं होतं. स्वराली आत बसली, तरी तिने दार लावलं नाही.

ती थांबली…

कुणीतरी चढायचं बाकी असल्यासारखी.

मग तिने हळूच दार लावलं.

"काय गं, विसरलीस का काही?" मेधाने विचारलं.

"कुठे काय. चल."

गाव मागे पडलं आणि गाडी वाजायला लागली.

टिंग… टिंग… टिंग…

मागच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजते ती घंटी. मेधाने आरशात बघितलं. दोघींचे बेल्ट लावलेले. समोर दिवा मात्र मधल्या सीटचा पेटला होता.

मधली सीट रिकामी होती. पिशवीसुद्धा नव्हती तिथे.

पूर्णिमाने मागे वळूनही न बघता हात लांबवला, मधला बेल्ट ओढला आणि खटकन अडकवला. घंटी बंद झाली.

"सेन्सर असतात असे," ती म्हणाली. "आमच्या गाडीलाही होतं."

मेधाला तिच्या हाताची ती सवय विचित्र वाटली. पण समोर समुद्र आला आणि विषय तिथेच राहिला.

काय समुद्र होता! लाहिंचला लाटांवर पोरंपोरी फळ्या घेऊन नाचत होती. स्पॅनिश पॉइंटला त्यांनी वाळूत बसून थालीपीठं खाल्ली. रेवाची अखंड बडबड चालू होती. स्वराली मात्र दिवसभर गप्प. गाडीत दाराला इतकी चिकटून बसायची, की मधे तिसऱ्याला ऐसपैस जागा व्हावी.

दुपारी किलकी आलं. गावाबाहेर कड्यावरून चालायची वाट आहे, तिथे त्यांनी गाडी लावली. गिरीश यायला थोडा वेळ होता.

पूर्णिमाने पिशवीतून नारळ काढला. खण, तांदूळ, हळदकुंकवाची कुयरी.

"अगं, हे काय?" मेधाला हसू आलं.

"ओटी भरते तुझी. कर पुढे."

खरं तर निरोपाच्या वेळी ओटी भरतात ती निघणाऱ्या बाईची. राहणारीने भरायची असते. इथे उलटंच चाललं होतं. मेधाच्या ते ध्यानात आलं होतं, हे ती स्वतः कबूल करते. पण परदेशात कसली रीत आणि कसलं काय. शिवाय ओटीला नाही म्हणणारी बाई आपल्यात कुठे सापडायची?

तिने जॅकेटवरच्या स्टोलचं टोक पुढे पसरलं. पूर्णिमाने कुंकू लावलं, खण-नारळ घातला, तांदळाची ओंजळ सोडली.

मग ती पुटपुटली…

"जा, बाळा."

मेधाला वाटलं, पोरींना म्हणाली. पण पोरी लांब रेलिंगपाशी होत्या.

त्याच क्षणी स्वरालीने मागे वळून बघितलं. आणि वर्षभरात पहिल्यांदा ती खळखळून हसली.

गिरीश आला. पूर्णिमाने मेधाला मिठी मारली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. रडू येत असेल, असं मेधाला वाटलं. भाबडी माझी बहीण! ती गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत हात हलवत उभी होती.

परतीच्या वाटेवर मागे रेवा एकटीच होती. मधला बेल्ट मोकळा होता.

टिंग… टिंग… टिंग…

"मम्मा," रेवा म्हणाली, "शी हॅज नो बेल्ट."

"कोण गं?"

"द गर्ल. शीज ऑल वेट."

मेधाने कडेला गाडी थांबवली. मागचं दार उघडलं. कुणी नव्हतं. तिने मधल्या सीटवर हात ठेवला…

सीट ओली होती.

त्या दिवसापासून रेवा बदलली. पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपायची. ताटातलं अर्धं बाजूला काढून ठेवायची आणि उरलेलंही खायची नाही. सकाळी तिच्या वेण्या पाण्याने निथळत असायच्या.

विक्रांत म्हणाला, "गाडी गॅरेजला दाखव." डॉक्टर म्हणाले, "शीज ग्रँड," म्हणजे पोर अगदी ठणठणीत. आणि लेकीची हाडं लागली दिसायला.

मेधाने ओटीतला नारळ समुद्रात सोडला. तांदूळ पाखरांना घातले. काही उपयोग झाला नाही.

पूर्णिमा फोन उचलत नव्हती. कामात असेल, नवं घर लागायचं असेल, अशी मेधाच तिच्या वतीने स्वतःची समजूत घालायची. शेवटी एकदा व्हिडिओ कॉल लागला. उचलला स्वरालीने. गाल वर आलेले, तोंडात बिस्किट.

"मेधा मावशी! इज शी पुलिंग रेवाज हेअर?"

मेधाने फोन तोंडाजवळ घेतला.

"कोण, बाळा?"

"द वेट गर्ल. मम्मी सेड शी'ड लिव्ह विथ रेवा नाऊ."

पूर्णिमाने झडप घालून फोन घेतला.

"तुला माहीत होतं," मेधा म्हणाली. "माहीत असून तू ती माझ्या पोरीला दिलीस."

पूर्णिमाने स्वरालीला खोलीबाहेर पाठवलं.

"माझी पोर मरत होती, मेधा. काय करणार होते मी, यार?"

"कोण आहे ती? कुठून आली?"

"नाही माहीत. खरंच नाही माहीत."

"मग मीच का? मीच कशी सापडले तुला?"

"दुसरी कोण होती?" पूर्णिमा रडत होती. "परकीने काही न विचारता ओटी पुढे केली असती का?"

मेधाने फोन ठेवला. केसाने गळा कापणं आपण सहज म्हणतो. मेधाने ते त्या दिवशी अनुभवलं. भुतापेक्षा याचंच तिला जास्त लागलं, असं ती म्हणते.

जून सरत आला. रेवा आता जिना चढतानाही धापा टाकायची.

आणि एका दुपारी शाळा सुटल्यावर ती धावत आली. धावत! गाडीत शिरली आणि मधल्या सीटवर धपकन बसली. डबा उघडला, पोळी-भाजी संपवली, बोटं चाटली.

मेधाला रडू फुटलं. "ती… ती कुठे आहे गं?"

"गॉन."

"कुठे गेली?"

"आय गेव्ह हर टू ईफा."

ईफा म्हणजे रेवाची वर्गातली सगळ्यात लाडकी मैत्रीण. लाल केसांची, सतत खिदळणारी.

"कशी दिलीस?"

रेवाने पूर्णिमा मावशीसारखी ओंजळ करून दाखवली. मैदानातली डेझीची फुलं, खेळायच्या कोपऱ्यातली वाळू. ईफाने हसत हसत स्वेटरचं टोक पुढे पसरलं होतं.

मेधा सांगते, त्या क्षणी तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. नुसतं हलकं हलकं. बाकीचं सगळं नंतर आलं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. ईफाची आई होती. मेधाला बाजारहाटापासून बालवाडीपर्यंत सगळीकडे मदत केलेली बाई.

"ऑल वेल, मेधा? रेवा इज लुकिंग मच बेटर!"

मागे ईफा उभी होती. हसत नव्हती. तिच्या वेणीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. आणि आभाळ तर निरभ्र होतं…

मेधाने तोंड उघडलं. सांगायला हवं होतं. पण सांगितलं आणि ती परत आली तर?

"ग्रँड," मेधा म्हणाली. "वी आर ग्रँड."

आणि तिने गाडी सुरू केली.

सुट्टी संपून शाळा उघडली आहे. रेवा छान आहे, वजन वाढलंय. मेधा अजूनही मला फोन करून पूर्णिमाला शिव्याशाप देते, आणि मी ऐकून घेते. ईफाबद्दल मी एकदाच विचारलं.

"येत नाही ती शाळेत हल्ली," मेधा म्हणाली.

रेवाला आणायला ती आता शाळेच्या मागच्या फाटकाने जाते. पुढच्या फाटकासमोरच ईफाचं घर आहे.